यॉर्कशायर पुडिंग ओटीजीत फुगतं, बाहेर काढलं की बसतं

रविवारचा_बेत | सोमवार, रात्री ९.१०

येत्या रविवारी दुपारी आठ जण जेवायला आहेत. रोस्ट चिकन, भाजलेले बटाटे, ग्रेव्ही आणि यॉर्कशायर पुडिंग (अंडी-मैदा-दुधाचं, भाजून फुगवलेलं, ग्रेव्हीबरोबर खायचं मिठाचं) असा बेत. पुडिंग सोडून बाकी सगळं हाताशी आहे. पुडिंगचे दोन घाणे झाले, दोन्हींची तीच गत. सगळा तपशील देते, म्हणजे पुन्हा विचारावं लागणार नाही.

मैदा १४० ग्रॅम, अंडी ३ (मूळ ब्रिटिश कृतीत 'लार्ज ३'), पिशवीतलं फुल क्रीम दूध २०० मिली, मीठ अर्धा छोटा चमचा. भिजवून तासभर फ्रीजमध्ये. ओटीजी (विजेवरचा छोटा ओव्हन) २८ लिटरचा, बटण २३० वर, दिवा विझेपर्यंत तापवला, साधारण १० मिनिटं. सहा वाट्यांचा सिलिकॉनचा साचा. प्रत्येक वाटीत एक मोठा चमचा लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल, ते ५ मिनिटं तापवून वाट्या जवळजवळ काठापर्यंत भरल्या. बाराव्या मिनिटाला माथा काळा पडायला लागला म्हणून दार उघडून साचा फिरवला. १८ मिनिटांनी बाहेर. तोवर बऱ्यापैकी टम्म होती, ओट्यावर ठेवेपर्यंत बसली. वरून करपट, आतून ओली गिच्च, तळ तेलकट आणि चिवट. घरभर धूर झाला तो वेगळाच.

काय चुकतंय? बीफ ड्रिपिंगऐवजी (गोमांस भाजताना गळणारी चरबी) काय घ्यावं? भिजवण आदल्या रात्री करून ठेवलं तर चालतं का? आणि आठांपैकी दोघं अंडं खात नाहीत, त्यांच्यासाठी काही सोय होते का?

बिडाचा_तवा | सोमवार, रात्री ९.४५

आधी तो सिलिकॉनचा साचा बाजूला ठेवा, बाकीचं नंतर बोलू. सिलिकॉनमधून उष्णता फार सावकाश जाते. केकला ते चालून जातं, इथे नाही. यॉर्कशायरचं सगळं नशीब भिजवण तापलेल्या भांड्याला टेकतं त्या पहिल्या मिनिटात ठरतं. तळ आणि कड तिथल्या तिथे धरली पाहिजे. तेल कितीही तापवा, साचाच थंड्या स्वभावाचा असेल तर तळ धरत नाही, तेल पितो. तुमचा चिवट तेलकट तळ तिथूनच आलाय.

धातूचाच ट्रे घ्या. जाड पत्र्याचा, गडद रंगाचा, सहा वाट्यांचा, वाटी साधारण ७ सेंटिमीटर रुंद. पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला बेकरीच्या सामानाच्या दुकानात बघा. हातात घेतल्यावर वजन लागलं पाहिजे. बोटाने दाबून पत्रा वाकत असेल तर ठेवून द्या. १२ वाट्यांचा ट्रे २८ लिटरच्या ओटीजीत एक तर बसत नाही, आणि बसला तरी चारी बाजूंना हवा फिरायला फट राहत नाही. ॲल्युमिनियमच्या छोट्या सुट्या वाट्या (केकच्या, उभट) असतील तर त्या एका जड ताटलीवर मांडूनही चालतात.

कुणी तरी आप्पेपात्राचं सुचवेलच, म्हणून आधीच सांगतो: बिडाचं असेल आणि लाकडी मुठी निघत असतील तर घासाएवढी पुडिंगं होतात, खुसखुशीत होतात. पण वाटी अर्धगोल, उभी कड नाही, त्यामुळे चढायला आधार मिळत नाही. ग्रेव्ही मावेल असा खळगा पडणार नाही.

दुसरं, तेल. वाटीला एक छोटा चमचा, ५ मिली, बास. मोठा चमचा म्हणजे त्याच्या तिप्पट. आणि घाण्याचं तेल या कामाला नकोच. त्यातलं जे काही चवीचं, वासाचं असतं तेच लवकर जळतं. १६० अंशांच्या आसपास धूर सुरू. रिफाइंड शेंगदाणा किंवा सूर्यफूल २२५-२३० पर्यंत टिकतं. चिवडा, भाजी, चटणी यांना घाण्याचं तेल उत्तम, इथे त्याला सुट्टी द्या.

पाव_किलो_मैदा | सोमवार, रात्री १०.३०

तव्याशी सहमत. पण तुमच्या मापातही गडबड आहे, ती अंड्यात.

ब्रिटनमध्ये 'लार्ज' अंडं म्हणजे कवचासकट ६३ ते ७३ ग्रॅम. आपल्याकडे डझनाने मिळणारं अंडं बहुधा ५० ते ५५ ग्रॅमचं, कवच काढलं की हातात ४५ ते ४८. त्यांच्या तीन अंड्यांचे १७० ते १८० ग्रॅम होतात, तुमच्या तिनाचे १४०. म्हणजे जवळजवळ एक अख्खं अंडं कमी पडलं, आणि या पदार्थाला उभं धरणारं दुसरं काहीच त्यात नाही. बेकिंग पावडर नाही, यीस्ट नाही, सोडा नाही. (घालूही नका. सेल्फ-रेझिंग पिठाने (बेकिंग पावडर आधीच मिसळलेल्या) हा पदार्थ फुगत नाही, उलट जाळी पडून जड होतो.) तेव्हा अंडी मोजू नका, फोडून तोला.

१२ पुडिंगांना: मैदा १४० ग्रॅम, फोडलेली अंडी १८५-१९० ग्रॅम (आपली ४), दूध २०० मिली, मीठ पाऊण छोटा चमचा. वजनकाटा नसेल तर जुनी घरगुती रीत अशी की एकाच वाटीने अंडी, दूध आणि मैदा तिन्ही सारखं घ्यायचं. त्यात मैदा थोडा कमी येतो, पुडिंग जास्त हलकं आणि किंचित जास्त अंड्याच्या चवीचं होतं. चूक काहीच नाही.

दूध फुल क्रीम घेतलंत, त्यात ६ टक्के स्निग्धांश. तूप-लोणी जास्त असलं की कवच मऊ पडतं. टोन्ड (३ टक्के) घ्या, किंवा आहे तेच १३० मिली दूध आणि ७० मिली पाणी. घरी म्हशीचं सुटं दूध येत असेल तर निम्मं पाणी घातलंत तरी बिघडणार नाही. नुसत्या पाण्याने मात्र रंग चढत नाही. दुधातली साखर आणि प्रथिनं भाजली जाऊन तो बदामी रंग येतो.

मैदाच हवा. कणकेतला कोंडा पडदा कापत जातो, वाफ निसटते. चौथा हिस्सा कणीक चालवून घेता येते, त्यापुढे नाही.

आता भिजवणाचा हात. मैदा-मीठ चाळून परातीत नको, खोलगट पातेल्यात घ्या. मध्ये आळं करून चारही अंडी एकदम घाला आणि व्हिस्कने आतून बाहेर फिरवत घट्ट, चकचकीत लगदा करा. तो चमच्यावरून लोंबला पाहिजे, पडता कामा नये. या घट्टपणातच गुठळ्या मोडतात. दूध आधी घातलंत तर गुठळ्या तरंगत राहतात आणि मग गाळणीशिवाय गत्यंतर नाही. मग दूध तीन खेपांत. शेवटी दाटपणा असा: धिरड्याच्या पिठापेक्षा बराच पातळ, घावनाच्या पिठापेक्षा किंचित दाट. पळी बुडवून वर काढा, पळीच्या पाठीवर बोटाने रेघ ओढा. रेघेच्या कडा दोन-तीन सेकंद टिकून मग हळूच मिटल्या की बरोबर. रेघ मिटतच नसेल तर चमचा-चमचा दूध वाढवा.

आणि किमान अर्धा तास मुरू द्या. मैद्याचे कण पाणी पितात, फेटताना तयार झालेली ताण सैल होते, वरचा फेस बसतो. आदल्या रात्री केलंत तर आणखी छान, चवीलाही फरक पडतो. रात्रभरात वर करडट पाणी सुटतं आणि मैदा तळाशी बसतो, घाबरू नका, ढवळा. ओतायच्या आधी तासभर फ्रीजबाहेर काढा.

चिमूटभर | सोमवार, रात्री ११.०५

तासभर बाहेर काढायची गरज नाही असं माझं मत. गार भिजवण तापल्या तेलात पडलं की कड पटकन धरते आणि मधलं सावकाश शिजतं, खळगा खोल पडतो. कोमट असेल तर सगळं एकदम वर येतं, घुमट होतो. ग्रेव्हीला खळगा हवा.

पाव_किलो_मैदा | सोमवार, रात्री ११.२०

मोठ्या ओव्हनमध्ये मान्य. २८ लिटरच्या ओटीजीत सहा वाट्यांत ४ अंशांचं भिजवण ओतलं की ट्रेची निम्मी ऊब तिथेच गेली. तिला खळग्याच्या खोलीची चैन परवडणारी नाही, आधी उभं राहू दे.

ओटीजीवाला | मंगळवार, सकाळी ७.१५

कृती सगळ्यांनी दिली, ओव्हनचं कुणी बोलत नाहीये.

दिवा विझला म्हणजे ओटीजी तापला असं नाही. आतल्या थर्मोस्टॅटच्या टोकापाशी हवा तेवढी तापली, एवढाच त्याचा अर्थ. भिंती, जाळी, काच अजून थंड असतात. दार उघडलं की ती गरम हवा बाहेर जाते आणि भिंतींकडे परत द्यायला काही नसतं. रिकामा ओटीजी वर-खालचे दोन्ही रॉड लावून किमान २५ मिनिटं तापवा. शक्य असेल तर खालच्या जाळीवर बिडाचा तवा (मूठ आत मावत असेल तर) उपडा ठेवा आणि ३५-४० मिनिटं तापू द्या. ट्रे थेट त्याच्यावर. तवा उष्णतेची शिल्लक सांभाळतो, दार उघडून भिजवण ओतण्याच्या अर्ध्या मिनिटात ती कामाला येते.

माथा करपला कारण ट्रे उंचावर होता. हिशोब करा: ट्रे ३ सेंटिमीटर, पुडिंग त्याच्या वर ६-७ चढणार, वरच्या रॉडपासून ४-५ सेंटिमीटर अंतर पाहिजे. म्हणजे ट्रे ठेवायची जागा वरच्या रॉडपासून १४-१५ सेंटिमीटर खाली हवी. पट्टी घेऊन मोजा. मधल्या जाळीवर ठेवून ही बेरीज जमत नाही, खालून दुसरी जागा बघा. भिजवण ओतल्यावर पहिली १२ मिनिटं दोन्ही रॉड आणि पंखा असेल तर पंखा. रंग धरायला लागला की बटण फक्त खालच्या रॉडवर. दार न उघडता होतं हे.

व्होल्टेजकडेही लक्ष द्या. २३० च्या जागी २०० व्होल्ट आले तर रॉडची ताकद चौथ्या हिश्श्याने कमी होते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. गीझर, इस्त्री चालू असताना त्याच लाइनवर पुडिंग करू नका. ओटीजीला १६ अँपिअरचा सॉकेट.

आणि एक ओव्हन थर्मामीटर घ्या, जाळीला अडकवायचा. बटणावरचा आकडा हा कंपनीचा आशावाद असतो.

चिमूटभर | मंगळवार, सकाळी ९.३०

बसण्याबद्दल. दार उघडण्यालाच सगळे दोष देतात, पण तुमच्याकडे खरा घोळ १८ मिनिटांत आहे. भिजवणातल्या पाण्याची वाफ होते. एक मिली पाण्याची साधारण १.७ लिटर. ती वाफ अंड्या-मैद्याच्या पडद्याला फुग्यासारखं ताणते. पण फुगणं वेगळं आणि वाळून उभं राहणं वेगळं. १५ व्या मिनिटाला पुडिंग पूर्ण उंच दिसतं, तेव्हा त्याच्या भिंती अजून ओल्या असतात, आतली गरम वाफच त्यांना धरून असते. बाहेर आलं, वाफ थंड होऊन आकसली, भिंती आत आल्या.

पहिली १५ मिनिटं दाराला हात नाही. एकूण वेळ २२ ते २५ मिनिटं. रंगाची भीती बाळगू नका: पिवळसर सोनेरी म्हणजे कच्चं, खरपूस चकलीचा रंग आला म्हणजे झालं. टिचकी मारल्यावर पोकळ वाजलं पाहिजे. मग ओव्हन बंद, सुरीच्या टोकाने प्रत्येकाच्या बगलेला एक भोक, दाराला लाकडी उलथनं अडकवून चार बोटं फट, ५ मिनिटं आतच. भोकातून वाफ जाते, नाहीतर तीच वाफ कवचाला मऊ करते.

वाट्या काठापर्यंत भरणं ही दुसरी चूक. ४० मिली, वाटीच्या निम्म्याला थोडं कमी. वर सांगितलेल्या मापात बरोबर १२ होतात.

जुनी_कॅम्पवाली | मंगळवार, दुपारी १.४०

ड्रिपिंगचा प्रश्न राहिला. २०१५ पासून महाराष्ट्रात गोवंशाच्या मांसावर बंदी आहे, त्यामुळे ते विसरा. आणि मूळ पदार्थातही ड्रिपिंग काही मुद्दाम आणलेलं नव्हतं, जे गळत होतं ते वापरलं. विस्तवापुढे सळईवर मांस फिरायचं, खाली पसरट तवी ठेवलेली असायची, तिच्यात चरबी टपकायची आणि त्याच तवीत भिजवण ओतायचं. १७३७ च्या एका इंग्रजी पाकपुस्तकात त्याचं नावच 'ड्रिपिंग पुडिंग' आहे. 'यॉर्कशायर' हे नाव हॅना ग्लासबाईंच्या १७४७ च्या पुस्तकामुळे रूढ झालं. तेव्हाचं पुडिंग म्हणजे चपटा, अखंड थर, चौकोन कापून वाढायचा. वाटीसारखं फुगलेलं गोल हे नंतरचं प्रकरण, त्यामुळे उंची कमी आली म्हणून रडायचं कारण नाही. अर्थात २००८ मध्ये तिकडच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने चार इंचांपेक्षा बुटकं ते यॉर्कशायर पुडिंगच नव्हे असं जाहीर करून टाकलं होतं! तुम्ही ७ सेंटिमीटरवर समाधान माना.

मांस महाग, मैदा स्वस्त. म्हणून यॉर्कशायरमध्ये पुडिंग आणि ग्रेव्ही आधी वाढायची, पोटं भरत आली की मग मांस. आपल्याकडे पाहुण्याला भात आधी जास्त वाढावा तसला हिशोब.

पाहुण्यांना नाव सांगताना जरा सांभाळून. पुडिंग म्हटलं की सगळ्यांना कॅरमल पुडिंग आठवतं आणि ते जेवणानंतर येईल म्हणून वाट बघत बसतात. हे मिठाचं, जेवणातलं.

तर चरबी. ट्रेसाठी रिफाइंड तेलच, किंवा तूप. तुपाला धूर उशिरा, २५० च्या आसपास, आणि वास सुरेख येतो. पण कढवलेलं घरचं तूप असेल तर बारीक फडक्यातून गाळून घ्या. बेरीचा एक कण जरी राहिला तरी काळा ठिपका आणि कडवट चव. लोणी, बटर अजिबात नको. चिकनची चरबी २०० च्या आतच धुरते, म्हणून ती ट्रेत न घालता ग्रेव्हीत घाला, चव तिथे येते.

त्यावरून आठवलं: चिकन घेताना दुकानदाराला आधीच सांगा, 'सोलू नका, कातडीसकट, अख्खं'. नाहीतर सवयीने सोलून, तुकडे करून हातात देतील आणि रोस्टही गेलं, चरबीही गेली.

रविवारचा_बेत | बुधवार, रात्री ८.५०

सगळ्यांचे आभार. जाड ट्रे आणला, थर्मामीटर आणला. ओटीजीवाले, तुमचा टोमणा खरा निघाला: बटण २३० वर, दिवा विझला तेव्हा काटा १८५ वर. २५ मिनिटांनी २१०. तव्यासकट ४० मिनिटांनी २२०, त्यापुढे हलत नाही.

अंडं न खाणाऱ्यांचं काय ते कुणी सांगितलं नाही. आणि पुण्याच्या उंचीचा काही फरक पडतो का?

ओटीजीवाला | बुधवार, रात्री ९.०५

२२० पुरे. उंची साडेपाचशे मीटर, पाणी ९८ अंशांना उकळतं. महाबळेश्वरला विचार करू, इथे नको.

पाव_किलो_मैदा | बुधवार, रात्री ९.३०

बिनअंड्याचं यॉर्कशायर होत नाही, सरळ सांगतो. दही, जवस, छोल्यांचं पाणी, सगळ्यांच्या कृती नेटवर आहेत, त्यात बेकिंग पावडर घालून काहीतरी फुगवलेलं असतं. खायला वाईट नसतं, पण ती जाड, मऊ टिक्की होते. पोकळी नाही, कुरकुरीत भिंत नाही. मैद्याचा पडदा एकट्याने एवढा ताण घेऊन वर उभा राहत नाही. अंड्यातली प्रथिनं ६०-८० अंशांच्या दरम्यान घट्ट होतात म्हणून तो आकार टिकतो.

त्या दोघांना नक्कल देऊ नका. कुरकुरीत आणि ग्रेव्ही धरणारं काहीतरी द्या: भाजलेले बटाटे जास्त, किंवा पाव तुपावर खरपूस भाजून. आणि कांद्याची ग्रेव्ही वेगळ्या पातेल्यात करा, ती सगळेच खातील. तीन मोठे कांदे उभे पातळ चिरून दोन चमचे तेलात मंद आचेवर २५-३० मिनिटं, चॉकलेटी होईपर्यंत. घाई केलीत तर कडा जळतात आणि गोडवा येत नाही. एक मोठा चमचा मैदा घालून दोन मिनिटं परता, मग ५०० मिली भाज्यांचं गरम पाणी थोडं थोडं, दहा मिनिटं उकळी. मीठ, मिरी, थोडं सोया सॉस, शेवटी अर्धा चमचा व्हिनेगर. गरम मसाल्याकडे गेलेला हात मागे घ्या.

चिमूटभर | बुधवार, रात्री १०.१५

एकच ओटीजी आणि त्यात चिकनही, हे गणित मांडलंय का? दोन घाणे लागणार.

रविवारचा_बेत | बुधवार, रात्री १०.२०

तेच विचारणार होते. दीडला पानं मांडायची आहेत. चिकन दीड किलोचं.

बिडाचा_तवा | बुधवार, रात्री ११.००

पहिला घाणा चिकनच्या आधी, दुसरा नंतर. असं करा:

भिजवण शनिवारी रात्री. रविवारी सकाळी दोन भाग करून एक फ्रीजमध्येच ठेवा. अंडं-दुधाचं आहे, ते दुपारपर्यंत ओट्यावर ठेवण्यात शहाणपण नाही. साडेनऊला ओटीजी लावा. दहा वाजून पाच मिनिटांनी तेलासकट ट्रे आत, १०-१२ मिनिटं, तेल पातळ होऊन लहरी दिसेपर्यंत आणि धुराची पहिली रेघ येईपर्यंत. सव्वादहाला ओता. पावणेअकराला पहिली सहा तयार, जाळीवर उघडीच ठेवा. डब्यात झाकलीत तर मऊ पडतील.

सव्वाअकराला चिकन, २०० वर. दर साडेचारशे ग्रॅमला २० मिनिटं आणि वर २०, म्हणजे साधारण ८५ मिनिटं. मांडीच्या जाड भागात ७५ अंश आले की झालं. १२.४० ला बाहेर, फॉइल सैल पांघरून ठेवा, त्याला मुरायला वेळ हवाच असतो. मधल्या वेळात ट्रेतली चरबी वाटीत काढा, दोन चमचे चरबीत दोन चमचे मैदा गॅसवर बदामी भाजा, ट्रे खरवडून त्यातला अर्क आणि अर्धा लिटर स्टॉक. ग्रेव्ही तयार.

बटाटे ओव्हनमध्ये घालायच्या भानगडीत पडू नका, जागाच नाही. उकडून, चाळणीत हलवून कडा खरबरीत करा आणि जाड कढईत तेलावर परता.

भिजवणाचा दुसरा भाग सव्वाबाराला बाहेर. १२.४० ला ओटीजी परत पूर्ण तापवा, ट्रे तेलासकट १२.५० ला, ओतायचं एकला, बाहेर १.२५ ला. सकाळची सहा त्याच ऊबेत चार मिनिटं आत टाका, पुन्हा कुरकुरीत होतात.

ओतणं कसं ते कुणी लिहिलं नाही आणि हात भाजतो तो इथेच. भिजवण आधी तोटीच्या मापात, म्हणजे जगमध्ये ओतून ठेवा. पळी-पळीने वाढत बसलात तर सहाव्या वाटीपर्यंत पहिलीचं तेल थंड. ट्रे पूर्ण बाहेर काढून ओट्यावर ठेवू नका. जाळी पुढे ओढा, जाड कोरडे हातमोजे, तोंड बाजूला. ओलं फडकं वापरलंत तर वाफेने हात पोळेल. प्रत्येक वाटीत चर्र आवाज यायला पाहिजे आणि कडेने लगेच पांढरी झालर धरली पाहिजे. आवाज आला नाही तर थांबा, ट्रे आत ढकला, आणखी ५ मिनिटं तापवा. सहा वाट्यांना २० सेकंद, दार बंद.

जुनी_कॅम्पवाली | गुरुवार, सकाळी १०.२५

किंवा सगळीच शनिवारी करून, पूर्ण थंड झाली की पिशवीत घालून फ्रीजर. रविवारी २०० वर थेट ६-७ मिनिटं. तव्याला पटणार नाही.

बिडाचा_तवा | गुरुवार, सकाळी १०.४०

नाही पटत. पण चालतं.

रविवारचा_बेत | शुक्रवार, रात्री १०.००

निम्म्या मापात एक घाणा करून बघितला. चर्र आवाज आला, झालर धरली. २४ मिनिटं. उंची सव्वासहा ते सात सेंटिमीटर, बसली नाहीत, खळगाही पडला. दोन तक्रारी: मागच्या तीन वाट्या एका अंगाला कलल्या, दारावर वाकल्यासारख्या. आणि एक पुडिंग तळाला घट्ट चिकटलं, सुरीने सोडवावं लागलं.

ओटीजीवाला | शुक्रवार, रात्री १०.३०

कलण्याचं कारण, मागची भिंत जास्त तापलेली, दार थंड. भिंतीकडची कड आधी धरते आणि उंच जाते, मग मऊ बाजूकडे झुकते. ट्रे मागच्या भिंतीपासून तीन बोटं पुढे घ्या, थोडं कमी होईल. पूर्ण जाणार नाही. ग्रेव्ही ओतताना कललेल्या बाजूने ओता, झालं.

चिमूटभर | शुक्रवार, रात्री १०.४५

चिकटलं ते बहुधा त्या वाटीत तेल फक्त तळाशी होतं, कडेला लागलं नव्हतं. ट्रे तापायला ठेवण्याआधी ब्रशने भिंतींना काठापर्यंत तेल लावा, मग चमचाभर तळाशी. आणि तो ट्रे साबणाने, तारेच्या घासणीने लख्ख करू नका. गरम पाणी, मऊ फडकं, कोरडा करून तेलाचा हात. दोसा-तव्यासारखाच तो वापरून वापरून सुटायला लागतो. रविवारी दुसऱ्या घाण्याच्या आधी नुसता पुसून घ्या, धुऊ नका.

रविवारचा_बेत | शुक्रवार, रात्री १०.५०

तो घासून ठेवलाय आत्ताच! काथ्याने.

चिमूटभर | शुक्रवार, रात्री १०.५२

आता तेल लावून रिकामा २०० वर अर्धा तास भाजा, थंड होऊ द्या, उद्या पुन्हा एकदा. रविवारपर्यंत येईल ताळ्यावर.